पाणी दिलं तरी पातं मऊच राहतंय? तेल बदलायच्या आधी हे बघा

घरच्या भट्टीवर सुऱ्या बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं. पातं मस्त लाल केलं, तेलात बुडवलं (कडक करायला असं बुडवणं म्हणजेच "पाणी देणं", मग बुडवायला तेल का असेना), धूर झाला, आणि थंड झाल्यावर कानस लावली तर ती सरळ पात्यात घुसते. मग माणूस तेल बदलतो, तरी तेच, मग वैतागून पाण्यात बुडवतो आणि पात्याला तडा जातो. ही भानगड मी स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या पात्यांवर इतक्या वेळा निस्तरलीय की तपासायचा क्रम आता पक्का बसलाय, आणि त्यातून एक गोष्ट ठामपणे सांगतो की बहुतेक वेळा दोष तेलाचा नसतो. दोष असतो वरच्या जळक्या कातडीचा नाहीतर तावाचा, म्हणजे पातं किती तापलं त्याचा. म्हणून फुकटच्या तपासण्या आधी, खर्चाच्या नंतर, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कळतच नाही.

हे सगळं १०७५, १०८४, ८० सीआरव्ही २, ५१६० (ही पोलादाच्या जातींची नावं) असल्या साध्या पोलादांबद्दल आहे. स्टेनलेस आणि हाय स्पीड स्टीलचं शेवटी बोलू, त्यांचा हिशोबच वेगळा.

लक्षणं आधी ओळखा

"पातं मऊ आहे" एवढं सांगून काही कळत नाही, नेमकं कसं मऊ आहे ते बघा.

- तेलातून काढल्यावर कानस सगळीकडे सारखी लागते, भुकटी पडते. म्हणजे पाणी चढलंच नाही.
- कानस आधी जराशी लागते आणि दोन-चार हात मारल्यावर घसरायला लागते. ही सगळ्यात चांगली बातमी, खाली पहिल्या तपासणीत वाचा.
- टोकाकडे कडक, मुठीकडे मऊ, किंवा मधेच एखादा पट्टा मऊ. इथे ताव सारखा नव्हता.
- तेलातून काढलं तेव्हा कानस घसरत होती, पण टेम्परिंग (ठिसूळपणा घालवायला ओव्हनमध्ये परत हलकं तापवणं) किंवा ग्राइंडिंग झाल्यावर धार वळायला लागली. म्हणजे चढलेलं पाणी नंतर उतरलं. याचा तेलाशी काही संबंध नाही, तुम्ही सरळ खाली "पाणी नंतर उतरलं असेल तर" तिथे जा.

१. थोडं घासून परत कानस लावा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि माझ्याकडे येणाऱ्या पात्यांपैकी कितीतरी पाती इथेच पास होतात.

भट्टीत पोलाद तापतं तेव्हा वरच्या थरातला कार्बन हवेशी संयोग पावून उडून जातो. वरून काळी खपली दिसते पण तिच्या खालीसुद्धा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, कधी त्याहून जास्त थर असा राहतो ज्यात कडक व्हायला कार्बनच उरलेला नसतो. कानस त्या थरात घुसते आणि आपल्याला वाटतं अख्खं पातं मऊ आहे. म्हणून धारेजवळ एका जागी खपली काढा, स्वच्छ चकचकीत पोलाद दिसेपर्यंत हळूहळू घासा, पाण्यात बुडवत बुडवत घासा म्हणजे तिथलं पाणी उतरणार नाही, आणि मग कानस लावा. आता घसरली तर पातं ठणठणीत आहे, टेम्परिंगला टाका आणि कामाला लागा.

कानस चांगली हवी एवढं मात्र बघा. चांगली कानस ६५ एचआरसीच्या (एचआरसी म्हणजे कडकपणाचं रॉकवेल माप) आसपास कडक असते आणि नुकतं पाणी दिलेलं पातं ६० च्या वर, म्हणून ती घसरते. झिजलेली कानस मऊ पात्यावर पण घसरते आणि खोटं सर्टिफिकेट देते. आधी एखाद्या साध्या लोखंडी पट्टीवर लावून बघा, तिथे खसकन लागली तर कानस ठीक. आणि तपासायचं धारेवर, पात्याची पाठ जाड असते ती थोडी मऊ राहिली तरी काही बिघडत नाही.

अजून एक, पुढच्या वेळेसाठी: पाणी द्यायच्या आधी धार साधारण एक मिलिमीटर जाड सोडा. कागदासारखी पातळ करून भट्टीत घातली तर ती मऊ कातडी म्हणजेच अख्खी धार होते, घासायला काही उरतच नाही.

२. ताव खरंच पुरेसा होता का

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण खरा घोळ बहुतेक इथेच असतो.

पोलाद कडक होण्यासाठी आधी त्याची आतली रचना बदलायला लागते आणि कार्बन त्यात विरघळायला लागतो, त्याशिवाय जगातलं कुठलंही तेल काही करू शकत नाही. १०८४ ला त्यासाठी साधारण ८१५ अंश सेल्सिअस लागतात. आपण मात्र "चेरीसारखा लाल" असलं काहीतरी ऐकून रंगावर जातो, आणि रंग उजेडावर ठरतो. उन्हात तोच ताव फिका दिसतो म्हणून माणूस जास्त तापवतो, अंधाऱ्या खोलीत मंद ताव पण झगझगीत दिसतो म्हणून लवकर काढतो. त्यामुळे पहिला नियम, भट्टी रोज एकाच जागी, सावलीत, एकाच उजेडात लावा.

दुसरं म्हणजे चुंबक. साधारण ७७० अंशाच्या पुढे लोखंड चुंबकाला चिकटत नाही. काठीला चुंबक बांधून पात्याला क्षणभर लावायचा, चिकटला तर ताव नक्की कमी आहे. पण बरेच जण इथेच फसतात, चुंबक सुटला की लगेच तेलात घालतात. चुंबक सुटणं ही खालची पायरी आहे, तिथून अजून एक छटा वर न्यायचं, आणि जरा वेळ तिथे धरायचं. आणि हो, चुंबक ताव चढत असतानाच लावायचा, कारण उतरताना पोलाद बरंच खाली येईपर्यंत चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे थंड होत चाललेल्या पात्यावर केलेली चाचणी फसवी असते.

तिसरी युक्ती माझी सगळ्यात लाडकी, साधं मीठ. शुद्ध मीठ ८०१ अंशाला वितळतं, म्हणजे आपल्याला पाहिजे त्याच्या अगदी उंबरठ्यावर. पात्याच्या शेजारी भट्टीत तेवढ्याच जाडीचा एक भंगार तुकडा ठेवा, त्यावर कोरड्या मिठाची चिमूट टाका. दाणे तसेच पांढरे दिसतायत तोवर थांबा, वितळून ओलसर चमकदार थर झाला की ८०० पार झालं. मीठ कोरडंच पाहिजे, ओलं असेल तर तडतडून अंगावर उडतं. आणि त्या वेळी पात्याचा रंग नीट डोळ्यात भरून घ्या, तुमच्या भट्टीच्या, तुमच्या उजेडाच्या हिशोबाने तोच तुमचा रंग.

अंधारात काम करत असाल तर अजून एक गोष्ट दिसेल. ताव चढताना पात्यावर काळसर सावल्या सरकताना दिसतात, कारण आतली रचना बदलताना पोलाद उष्णता शोषून घेतं आणि तेवढा भाग मागे राहतो. सगळ्या सावल्या विरून पातं एकसारखं उजळलं की ते तयार आहे. हे एकदा डोळ्यांना सापडलं ना, की चुंबकाची आठवणसुद्धा येत नाही.

उलटी चूक पण सांगून ठेवतो. "मऊ राहिलं, अजून तापवू" असं म्हणत पिवळ्यापर्यंत नेऊ नका. जास्त तावाने आतले कण मोठे होतात आणि पातं ठिसूळ होतं, आणि जास्त कार्बनच्या पोलादात जुन्या रचनेचा काही भाग न बदलता तसाच अडकून राहतो, म्हणजे जास्त तापवूनही कानस लागतेच.

३. भट्टी ते तेल, मधला वेळ

पातळ धार हवेत आल्या आल्या थंड व्हायला लागते. १०९५ सारख्या पोलादाला तर साधारण सेकंदभराच्या आत ५४० अंशाच्या खाली यावं लागतं नाहीतर त्याची मऊ रचना तयार होते आणि मग काही उपयोग नाही. १०८४ थोडं सवलत देतं, ५१६० त्याहून जास्त. पण सवलतीवर विसंबू नका, तेलाचा डबा भट्टीपासून एका पावलावर पाहिजे, झाकण आधीच उघडलेलं, सांडशीची पकड आधीच पक्की. थंड पात्यावर एकदा रंगीत तालीम करा, हात कुठून कुठे जातो ते बघा.

बुडवल्यावर धारेच्या दिशेने पुढे-मागे किंवा वर-खाली हलवत राहा. गरम पात्याभोवती तेलाच्या वाफेचं आवरण तयार होतं आणि ते उष्णता अडवतं, हलवल्याने ते फुटतं. आडवं मात्र हलवायचं नाही, एक बाजू आधी थंड होते आणि पातं वाकतं. आणि अर्धवट बाहेर काढून बघायची घाई नको, धूर थांबेपर्यंत आत.

४. तेल गरम होतं का, पुरेसं होतं का

तेल बदलायच्या आधी तेलाचं तापमान बघा. हे ऐकून लोकांना नवल वाटतं पण गार तेल हळू काम करतं, कारण ते घट्ट असतं आणि पात्याभोवती नीट फिरत नाही. कॅनोला किंवा तसलं साधं खाद्यतेल ५० ते ६० अंशापर्यंत कोमट करून घ्या. एखादा लोखंडाचा तुकडा तापवून त्यात बुडवला की झालं, थर्मामीटरने बघा, अंदाजाने नको.

डबा छोटा असेल तर एका पात्यातच तेल तापून जातं आणि दुसरं पातं मऊ राहतं. किलोभर पोलादाला आठेक लिटर तेल हा जुना ठोकताळा आहे, म्हणजे पाव किलोच्या सुरीला दोन लिटर किमान, चार असेल तर निश्चिंत. डबा धातूचाच, पात्यापेक्षा खोल, आणि घट्ट झाकणाचा.

तेलात तळाला पाणी साचलं असेल तर तो फक्त पातं कडक होण्याचा प्रश्न राहत नाही, गरम पोलाद लागलं की वाफ होऊन उकळतं तेल बाहेर उडतं. उघड्यावर ठेवलेलं, पावसात भिजलेलं तेल सरळ टाकून द्या. गाडीतलं वापरलेलं इंजिन ऑइल पण नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं आणि तो धूर आपल्याच छातीत जातो.

तेलाने पेट घेतला तर झाकण टाका. पाणी अजिबात नाही. कोरड्या पावडरचं अग्निशामक हाताशी असल्याशिवाय तेलाचा डबा उघडायचाच नाही, ही गोष्ट मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतो.

५. तुकड्याची परीक्षा

इथपर्यंत सगळं नीट असून पातं मऊच असेल तर आता पात्याला हात लावू नका. त्याच पट्टीचा बोटभर लांब, दोन-तीन मिलिमीटर जाड तुकडा कापा. पट्टी संपली असेल तर मुठीत जाणाऱ्या शेपटीचा शेंडा चालेल. पात्याला पुन्हा पुन्हा ताव दिला की दर वेळी थोडा कार्बन जातो आणि दर वेळी वाकण्याची-तडकण्याची जोखीम, ती सगळी या तुकड्यावर घ्यायची.

मीठ वितळेपर्यंत तापवा, दोन-तीन मिनिटं धरा, तुमच्याच तेलात बुडवा. कातडी घासून कानस लावा. मग व्हाइसमध्ये पकडून, वर जाड फडकं टाकून, डोळ्यांना गॉगल लावून हातोडीने ठोका.

कटकन तुटला आणि आत बारीक, मंद राखाडी पृष्ठभाग दिसला तर पोलाद, तेल, ताव सगळं बरोबर आहे, पात्यावरच काहीतरी वेगळं झालं होतं, बहुधा ताव सारखा नव्हता. तुटला पण आत साखरेसारखे मोठे चमकणारे कण दिसले तर जास्त तापलाय. वाकला आणि वाकलेलाच राहिला तर पाणी चढलेलं नाही.

वाकला असेल तर दुसरा तुकडा घ्या आणि या वेळी त्याला पाण्यात बुडवा. तडकला तरी चालेल, तो तुकडाच आहे. पाण्यात कडक आणि तेलात मऊ असेल तर पोलाद चांगलं आहे पण तुमचं तेल त्याच्यासाठी हळू आहे, आणि फक्त आता, या टप्प्यावर, वेगवान क्वेंच ऑइल (पाणी द्यायचं खास तेल) विकत घ्यायचा विचार करा. १०९५ आणि डब्ल्यू-२ च्या बाबतीत हे हमखास होतं. पाण्यातही मऊ राहिला तर संशय पोलादावर.

६. पोलाद कसलं आहे

भंगारातून उचललेल्या लोखंडाचं हे दुखणं. बांधकामाची सळई, अँगल, साधी पट्टी यांत कार्बन ०.२५ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी असतो, त्यातून कामाची धार निघत नाही. सुरीला ०.६ टक्क्यांपासून पुढे पाहिजे. रेल्वेच्या खिळ्यांवर एचसी (हाय कार्बन) लिहिलेलं असलं तरी त्यात कार्बन ०.३ टक्क्यांच्या आसपासच असतो, शोभेची सुरी होईल, कामाची नाही. काही स्वस्त कानशी पण फसवतात, त्यांची फक्त वरची कातडी कडक केलेली असते, ती घासून गेली की आत साधं लोखंड.

ग्राइंडरवर ठिणग्या बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब सरळ रेषा काढतात आणि टोकाला क्वचित फुटतात. जास्त कार्बनच्या ठिणग्या आखूड असतात आणि फुटून फुटून झुबके होतात. शेजारी ओळखीच्या पोलादाचा तुकडा घासून तुलना करा, नुसत्या आठवणीवर नको. ही चाचणी कार्बनचा अंदाज देते, नेमकं नाव सांगत नाही.

एक मनापासूनचा सल्ला, जे पोलाद काय आहे ते माहीत नाही त्यावर दोन आठवडे मेहनत करू नका. नाव माहीत असलेली १०८४ ची पट्टी घ्या, घरच्या भट्टीला तिच्याइतकं समजूतदार पोलाद दुसरं नाही.

७. नॉर्मलायझिंग

पोलाद ओळखीचं आहे, चांगलं आहे, तरी मऊ? विशेषतः १०९५ किंवा ५२१०० म्हणजे बेअरिंगवालं? कारखान्यातून ते बरेचदा मऊ करून येतं, त्यात कार्बन गोल गोळ्यांच्या रूपात बांधलेला असतो आणि भट्टीतल्या दोन मिनिटांच्या तावात त्या गोळ्या विरघळत नाहीत. उपाय म्हणजे पाणी द्यायच्या आधी पातं कडकपणाच्या तावापेक्षा वर, १०९५ असेल तर ८७० अंशाच्या आसपास न्यायचं, ५२१०० ला त्याहून वर, आणि शांत हवेत काळं होईपर्यंत थंड होऊ द्यायचं. मग परत एक-दोनदा, दर वेळी थोडा कमी ताव. याने कण पण बारीक होतात. ५२१०० ला पाणी द्यायच्या तावावर दहा-पंधरा मिनिटं स्थिर धरायला लागतं, आणि इथे साध्या गॅस भट्टीची मर्यादा जाणवायला लागते.

८. भट्टीचाच ताव सारखा नसेल

पट्टे मऊ राहत असतील तर भट्टीत गरम जागा आहे. सगळ्यात सोपा इलाज, भट्टीत लोखंडी नळी आडवी ठेवायची आणि पातं नळीच्या आत तापवायचं, ज्वाला थेट लागत नाही आणि ताव पसरतो. नळी जस्ताचा मुलामा असलेली अजिबात नको, तापल्यावर जस्ताचा विषारी धूर निघतो. नळीच्या तोंडाशी के-टाइप थर्मोकपल (ताव मोजणारी तार) लावलं तर रंगाचा प्रश्नच मिटतो. ज्वाला किंचित गॅस-जास्त ठेवा म्हणजे कातडी कमी जळते, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, म्हणून बंद खोलीत हे करायचंच नाही.

पाणी नंतर उतरलं असेल तर

दोनच ठिकाणं बघायची. एक ओव्हन: त्याच्या बटणावरचा आकडा खरा नसतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. १०८४ ला २०० अंशाच्या आसपास दोन तास, दोनदा, एवढं पुरतं. स्वच्छ घासलेल्या पात्यावर फिका पिवळसर रंग आला तर बरोबर, निळा दिसला म्हणजे ३०० च्या घरात गेलं. दुसरं ग्राइंडर: पातळ धार बेल्टवर क्षणात निळी होते. निळा भाग मागे सरकवून घासून टाका, आणि पुढे उघड्या हातानेच धरा, बोटांना चटका बसायच्या आत पाण्यात.

इथे थांबा

तडा दिसला, मग तो केसाएवढा का असेना, ते पातं संपलं. वेल्डिंग करून वाचवू नका, वापरताना तुटून कुणाच्या तरी अंगात जाईल.

एकाच पात्याला तीनदा पाणी देऊन झालं असेल तर चौथ्यांदा नको. कातडी गेलीय, कण वाढलेत, आता ते हीट ट्रीटमेंट करणाऱ्याकडे द्या, त्यांच्याकडे तापमान नियंत्रित भट्टी आणि रॉकवेल मशीन दोन्ही असतं.

पोलाद डी-२, ४४०सी, एईबी-एल किंवा हाय स्पीड निघालं तर घरी प्रयत्नच करू नका. त्यांना १००० अंशाच्या वर, नेमक्या तापमानाला, ठरलेली मिनिटं धरावं लागतं, हाय स्पीडला तर ११५० च्या पुढे. चुंबक आणि मीठ इथे काही सांगत नाहीत. पोलादाचं नाव कळतच नसेल आणि पट्टी भरपूर असेल तर मेटल टेस्टिंग लॅबमध्ये स्पेक्ट्रो (पोलादात काय काय किती आहे त्याची तपासणी) करून घ्या.

गॅसचा वास येतोय, रेग्युलेटर फुरफुरतोय, ज्वाला बर्नरच्या आत मागे जातेय, तर सिलिंडर बंद करा आणि गॅसच्या माणसाला बोलवा. पात्याचं मग बघू.

बाहेर पाठवताना पोलादाचं नेमकं नाव आणि किती एचआरसी हवंय ते लिहून द्या, मुठीची भोकं आधीच पाडून ठेवा, धार एक मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, आणि त्याच पट्टीचा एक तुकडा सोबत द्या म्हणजे त्यांना रॉकवेलची टोच पात्यावर मारायला लागणार नाही.